विलायती कादंबरी आणि आमचे परीक्षक

इंग्लंडात घडणाऱ्या कादंबऱ्या मराठी माणूस आज दीडशेहून अधिक वर्षे वाचीत आला आहे. आरंभी त्या त्याने शाळा-कॉलेजांत मुकाट्याने वाचल्या, पुढे भाषांतरून व रूपांतरून घेतल्या, आणि आता तो त्या मोबाइलच्या पडद्यावरही वाचतो. इतक्या दीर्घ सहवासानंतर त्यांच्याविषयी मराठीत काही स्वतंत्र बोलणे निर्माण व्हावयास हवे होते. ज्या घरी आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो-येतो, त्या घराविषयी आपले काहीएक मत बनलेले असते. यजमान उदार आहे की कृपण, माजघरात कोण राबते, पाहुण्याला पाणी कोणत्या भांड्यातून मिळते, हे आपणांस ठाऊक असते. परंतु विलायती कादंबरीच्या घरी आमचा परीक्षक अद्याप उंबरठ्याबाहेर जोडे काढून हात जोडून उभा आहे. आणि अलीकडे त्याचाच एक धाकटा भाऊ अंगणात उभा राहून त्या घरावर दगड मारीत आहे. आत जाऊन, बैठक मारून, यजमानाशी बरोबरीने बोलणारा परीक्षक क्वचितच दृष्टीस पडतो. ही तक्रार आम्हांस किरकोळ वाटत नाही. परक्या पुस्तकाविषयी स्वतःचा निवाडा देण्याचे ज्याला धैर्य नाही, त्याला स्वतःच्या भाषेतील पुस्तकाचा निवाडाही नीट देता येत नाही.

मराठीतील अशा परीक्षणांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग वाटाड्यांचा. हे गृहस्थ कादंबरी हाती घेतात ती इंग्लंडची सहल घडविण्यासाठी. धुके, हिरवळ, चहाची वेळ, शेकोटी, दगडी वाडे, पावसाळी आकाश यांचे वर्णन झाले, मध्ये कथानकाचा सारांश सांगून झाला, आणि लेखिकेने वातावरण हुबेहूब उभे केले आहे असा शेरा मारला की यांचे काम संपले. ते वातावरण हुबेहूब आहे हे यांना कसे समजले, असे मात्र कोणी विचारू नये; कारण ते यांनी दुसऱ्या कादंबरीत वाचलेले असते. दुसरा वर्ग भाटांचा. ऑस्टिन, डिकन्स, ब्राँटे भगिनी ही यांची दैवते. दैवतांचे गुणगान करावयाचे असते, त्यांच्याशी वाद घालावयाचा नसतो, अशी यांची श्रद्धा आहे. एखाद्या मराठी कादंबरीवर प्रसन्न झाले म्हणजे हे लोक ती इंग्रजीच्या तोडीची आहे असे प्रशस्तिपत्र देतात, आणि आपण लेखकाचा सत्कार केला की अपमान, याचा विचार करीत नाहीत.

तिसरा वर्ग फिर्याद्यांचा. हा नवा आहे आणि विद्यापीठांच्या आवारात वाढला आहे. एडवर्ड सैद यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) ह्या कादंबरीकडे नव्याने पाहावयास शिकविले. त्या कादंबरीतील सर थॉमस बर्ट्रम यांची मिळकत वेस्ट इंडिजमधील अँटिग्वा बेटावर आहे. तिकडील कारभार सांभाळण्यासाठी ते दीर्घकाळ घराबाहेर असतात. म्हणजे इंग्लंडातील त्या शांत, सुव्यवस्थित वाड्याचा पाया समुद्रापलीकडे गुलामांच्या श्रमावर रचलेला आहे. सैद यांनी ते पुस्तक बारकाईने वाचले होते आणि ऑस्टिनच्या कलेविषयी त्यांच्या मनात आदर होता. आमच्या फिर्याद्याने सैदांचे एक प्रकरण वाचलेले असते, तेही पुष्कळदा दुसऱ्याच्या टिपणांतून. त्याच्यापुढे कोणतीही विलायती कादंबरी ठेवा, आरोपपत्र तयारच असते. केवळ आरोपीचे नाव तेवढे बदलावयाचे. जिथे अँटिग्वा नाही तिथेही त्याला अँटिग्वा दिसतो, आणि जिथे खरोखर आहे तिथे लेखिकेने त्याचा कथेत काय उपयोग केला आहे हे पाहण्यास त्याला सवड नसते.

हे तिघे एकमेकांचे वैरी दिसले तरी त्यांचे कूळ एक आहे. वाटाड्या, भाट आणि फिर्यादी, तिघांचेही मत उसने आहे. पहिल्या दोघांनी ते लंडनहून मागविले, तिसऱ्याने न्यूयॉर्कहून. बुलढाण्यात, खामगावात, मेहकरात किंवा मलकापुरात बसून ते पुस्तक वाचणाऱ्या माणसाला त्यात काय दिसले, हे तिघांच्याही लिखाणात सापडत नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी ह्या बाबतीत आमच्याहून अधिक धिटाई दाखविली होती. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली ‘नावल व नाटक’ ह्यांविषयी निबंध लिहिला, तेव्हा मराठी कादंबरीचे वय उणेपुरे पंधरा वर्षांचे होते. तरी ह्या नव्या प्रकाराने काय करावे व काय करू नये याविषयी बोलण्यास ते कचरले नाहीत. त्या काळी इकडे इंग्रजी कादंबरी म्हटली की रेनॉल्ड्सचे नाव पुढे येई. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा लंडनची रहस्ये रंगविणारा लेखक. इंग्लंडात त्याला वाचक उदंड, पण पंडितांच्या पंक्तीत पाट नाही. हिंदुस्थानच्या वाचकांनी त्याला डोक्यावर घेतले. ह्यावरून आमच्या आजोबा-पणजोबांच्या अभिरुचीला हसण्याची रीत आहे. आम्हांस मात्र त्यात एक निरोगी गोष्ट दिसते. पंडितांनी काय ठरविले आहे याची वाट न पाहता त्यांनी आपल्याला आवडले ते वाचले. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधाराने लिहिलेली आहे. परंतु हेच हरिभाऊ १८९० साली ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहू लागले तेव्हा लंडनची रहस्ये मागे पडली आणि पुण्याच्या ब्राह्मण घरातील माजघराचे रहस्य पुढे आले. उसन्या दिव्याने त्यांनी आपलेच घर पाहिले. परकी कादंबरी वाचण्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण कृष्णाजी केशव गोखले यांचे. ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे (१८१३) मराठी रूपांतर त्यांनी १९१३ साली केले आणि त्याला नाव दिले ‘आजपासून पन्नास वर्षांनी’. ह्या नावातच एक परीक्षण दडलेले आहे, असे आम्ही समजतो. तरुण मुलीने आपल्या मनाने वर पारखावा, नाकारावा व पुढे स्वीकारावा ही गोष्ट १९१३ च्या मराठी घरात घडणे कठीण. तिला पन्नास वर्षांनी कदाचित जागा मिळेल, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. मूळ पुस्तक व आपला समाज यांमधील अंतर त्यांनी मोजले आणि ते मुखपृष्ठावर छापले. आजच्या किती परीक्षणांत असे अंतर मोजलेले आढळते?

परंतु स्वतःच्या जागेवरून वाचण्याचा सर्वांत मोठा धडा आम्हां बुलढाणेकरांस घराबाहेर जाऊन शोधण्याचे कारण नाही. ताराबाई शिंदे ह्या बुलढाण्याच्याच. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून सगळ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक चालली होती, तिला उत्तर म्हणून तो लिहिला होता. पण त्यात आणखी एक काम ताराबाईंनी केले आहे. तत्कालीन कथा, नाटके व पुराणे यांत स्त्रीचे जे चित्र रंगविले जाई, ते पुढ्यात घेऊन त्यांनी सरळ विचारले की, हे असे खरोखर घडते काय, आणि घडत असेल तर दोष कोणाचा? विद्यापीठाची पदवी नाही, परीक्षणशास्त्राचे शिक्षण नाही. होते ते एक प्रखर मराठी गद्य, आणि पुस्तकात लिहिलेले जग आपल्या जगाशी ताडून पाहण्याचा अधिकार आपणांस आहे ही खात्री. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) त्यांचा कैवार घेतला, बाकीच्यांनी तो निबंध विसरून टाकला, तो स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. ज्या गावात अशी वाचक होऊन गेली, त्या गावाच्या जिल्ह्यात आज विलायती कादंबरीवर लिहिताना दुसऱ्याच्या टिपणांचा आधार घ्यावा, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

केवळ उपदेश करून भागणार नाही. स्वतःच्या जागेवरून वाचणे म्हणजे काय, हे दोन उदाहरणांनी दाखविले पाहिजे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील मिसेस बेनेट ही बाई जगभर हास्यास्पद ठरली आहे. पाच मुली, त्यांच्या लग्नाची अहोरात्र चिंता, सदा दुखणाऱ्या शिरा, आणि कोठे श्रीमंत अविवाहित तरुण दिसला की झालेली धांदल. इंग्रज टीकाकार तिला हसले, म्हणून आमचे परीक्षकही तिला हसतात. पण थोडा हिशेब पाहा. बेनेटांची जमीन वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्नाची. परंतु ती पुरुष वारसालाच जाण्याची अट आहे, आणि घरात मुलगा नाही. नवऱ्याने डोळे मिटले की घरदार दूरच्या भाऊबंदाला, मिस्टर कॉलिन्सला, जाणार आणि सहा बायका त्याच्या मर्जीवर राहणार. हे संकट त्या घरात जर कोणी रोज बोलून दाखवीत असेल तर ती हीच बाई; ग्रंथालयात बसून विनोद करणारे मिस्टर बेनेट नव्हेत. ज्या समाजात मुलगा नाही म्हणून भाऊबंद दाराशी येऊन उभे राहिलेले आपण पाहिले आहेत, ज्या समाजात १९५६ चा वारसा कायदा झाला, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि तरीही बहिणी रक्षाबंधनाचा मान राखून हक्कसोडपत्रावर सह्या करतात, त्या समाजातील वाचकाने मिसेस बेनेटला नुसते हसून सोडावे काय? ती उथळ आहे, हे खरे. ऑस्टिनने तिला उथळच रंगविले आहे. परंतु ती घाबरलेली आहे, आणि तिची भीती रास्त आहे, हे ओळखण्यास मराठी घरातील कोणत्याही आईला प्रस्तावनेची गरज पडू नये. हा अर्थ पुस्तकाबाहेरून आणलेला नाही. तो पुस्तकातील आकड्यांतच आहे. तो आम्हांस चटकन दिसावा, कारण आम्ही सातबाऱ्याच्या देशात राहतो.

दुसरे उदाहरण एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘नॉर्थ अँड साउथ’चे. १८५४–५५ साली डिकन्सच्या साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. मँचेस्टरच्या नमुन्यावर कल्पिलेले गिरणीचे शहर, गिरणीमालक थॉर्न्टन, मजुरांचा संप, दक्षिणेकडून आलेली मार्गारेट असा तिचा विस्तार आहे. तीत बेसी हिगिन्स नावाची एक मजूर मुलगी आहे. कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करून तिच्या छातीत कापसाचे तूस साचले आहे, आणि त्यानेच ती मरते. ती धूळ ओढून नेणारे चक्र काही गिरण्यांत बसविलेले असते; पण त्याला पाच-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा निघत नाही, म्हणून पुष्कळ मालक ते बसवीत नाहीत, हेही बेसीच सांगते. कादंबरीकार म्हणून गॅस्केलबाईंची थोरवी ह्या तपशिलात आहे. खामगावच्या एखाद्या जिनिंगच्या फाटकातून ज्याने हंगामात आत डोकावून पाहिले आहे, त्याला ती पांढरी धूळ समजावून सांगावी लागणार नाही.

आता ह्या पुस्तकाच्या शेजारी आपल्या जिल्ह्याचा इतिहास ठेवू. ही कादंबरी सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १८५३ साली, निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या हाती आले. त्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतील गुलामांच्या मळ्यांतून येई. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तो पुरवठा तुटला, आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कापसाचे पीक वाढत गेले. १८७० साली जलंब ते खामगाव असा लोहमार्गाचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला गेला, तो मुख्यतः खामगावच्या बाजारातील कापूस मुंबई बंदरास जलद पोचावा म्हणून. १८९९–१९०० च्या दुष्काळात ह्याच कापसाच्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. बेसीच्या छातीतील तुसापासून निघालेला धागा असा मागे मागे नेला की तो आधी अमेरिकेतील गुलामाच्या हाती पोचतो, आणि दहा वर्षांच्या आत आमच्या शेतकऱ्याच्या बांधावर येतो.

गॅस्केलबाईंनी वऱ्हाडाविषयी लिहावयास हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. १८५४ साली त्यांना ते दिसणे शक्य नव्हते. दोष आणि मर्यादा यांत भेद आहे, आणि तो करता न आल्यामुळेच आमचा फिर्यादी फसतो. जी लेखिका मजुराच्या फुप्फुसापर्यंत पोचली, तिचे लक्ष गिरणीच्या फाटकात कापसाची गाठ येऊन पडण्यापूर्वी ती कोठे होती इकडे वळले नाही, ही त्या कादंबरीची मर्यादा. आणि ती दाखविण्यास जगात सर्वांत योग्य वाचक कोणी असेल तर तो गाठ बांधणाऱ्या गावचा. मँचेस्टरच्या वाचकाला ती आपोआप दिसणार नाही. आम्हांस दिसावी, आणि ती पाहिल्यावर आमच्याच सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) आम्ही तिच्या शेजारी ठेवावी. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ह्या कादंबरीत शिकून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे, कर्ज आहे, घरातील कलह आहे. एक कादंबरी कापसाच्या व्यवहाराच्या एका टोकाला उभी, दुसरी दीडशे वर्षांनी दुसऱ्या टोकाला. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष मदतीची योजना जाहीर केली तेव्हा तीत पश्चिम विदर्भातील ज्या जिल्ह्यांची नावे होती, त्यांत बुलढाणा होता. ही दोन पुस्तके एका मेजावर ठेवून वाचणे म्हणजे कोणावर सूड उगविणे नव्हे. बेसी हिगिन्स आणि आमचा कास्तकार यांची ओळख करून देणे आहे. हे काम मराठी परीक्षकाने केले नाही तर ते दुसरे कोण करणार?

यावर कोणी म्हणेल की, हा प्रादेशिक अभिमान झाला. कादंबरी ही सर्व मानवजातीची, तिच्यात आपला जिल्हा शोधणे संकुचितपणाचे आहे. त्यास आमचे उत्तर असे की, इंग्रज टीकाकारही कोठल्या तरी जागेवरूनच पाहत असतो. त्याची जागा त्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तो तिलाच विश्व म्हणतो. आम्ही आमची जागा सांगून बोलतो, एवढाच फरक. शिवाय इंग्लंडची कादंबरी आता एकट्या इंग्रजांची राहिलेली नाही. नागासाकीत जन्मलेल्या काझुओ इशिगुरो यांनी ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये (१९८९) इंग्रज बटलरच्या तोंडून इंग्लंडची जी कथा सांगितली, ती त्या देशाने आपलीच म्हणून स्वीकारली. परक्याने लिहिलेले चालते, तर परक्याने केलेले परीक्षण का चालू नये?

दुसरा कोणी म्हणेल की, ह्या हिशेबात सौंदर्य कोठे गेले? प्रश्न योग्य आहे. जे परीक्षण ‘जेन आयर’मधील (१८४७) जमेकाच्या बर्थाविषयी दहा पाने लिहिते आणि जेनच्या निवेदनातील धग ज्याला जाणवत नाही, ते परीक्षण आम्हांसही नको. परंतु सौंदर्याच्या नावाखाली आमच्याकडे जे खपते ते बहुधा विशेषणांचे भांडार असते. ऑस्टिनची कला कोठे आहे, हे मिसेस बेनेटच्या भीतीकडे पाठ फिरवून कळणार नाही. कारण त्या भीतीला विनोदाचे वस्त्र नेसविणे हीच ती कला आहे. हिशेब नीट वाचणाऱ्यालाच ते वस्त्र दिसेल.

म्हणून आमच्या परीक्षकांकडे आमचे मागणे थोडके आहे. कथानकाचा सारांश एका परिच्छेदात आटपावा. इंग्लंडच्या हवामानाचे वर्णन हवामान खात्यावर सोपवावे. पुस्तकातील माणसे कशावर जगतात, त्यांचे काम कोण करते, बोलण्याची संधी कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही, हे पुस्तकाच्याच पानांवरून दाखवावे. जे आपल्या घरासारखे वाटले ते सांगावे. जे परके वाटले तेही, न लाजता, सांगावे. पंडितांचे मत द्यावयाचे तर ते वाचून द्यावे, आणि आपले मत त्याच्याहून निराळे असेल तर ते आधी द्यावे. शेवटी पुस्तक चांगले की वाईट, आणि का, हे स्पष्ट मराठीत लिहावे.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी पुष्कळ मुले-मुली इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर होतात. त्यांतील बहुतेकांचे आईबाप कास्तकार आहेत. डार्सीचे वर्षाचे दहा हजार पौंड त्यांना पाठ असतात, आणि घरच्या कर्जाचा आकडाही पाठ असतो. परंतु हे दोन आकडे एकाच डोक्यात असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. तशी बोलण्याची परवानगी त्यांना आम्ही, म्हणजे शिकविणाऱ्यांनी व परीक्षणे लिहिणाऱ्यांनी, दिलेली नाही. ताराबाईंनी ती कोणाकडे मागितली नव्हती. ह्या मुलांनीही मागू नये; पुस्तक उघडावे आणि आपल्या जागेवरून वाचू लागावे.